प्रवाळाची ओळख : वरून आणि खालून

या खेपेस शब्दांच्या व्युत्पत्तीसंबंधानें चार गोष्टी लिहाव्या असें योजिलें होतें. परंतु परदेशीं घडलेली एक लहानशी हकीकत मनांतून जाईना, म्हणून ती आधीं सांगतों. तींत थोडें शास्त्र आहे, थोडी गंमत आहे, आणि जन्मभर मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविणाऱ्या एका मास्तराच्या पदरीं आलेली एक चूकही आहे. व्युत्पत्ति अगदींच सुटली असेंही नाहीं. ती ओघानें येईलच.

माझ्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं असतात. आपल्याकडील थंडींत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यांत, आम्ही उभयतां त्यांच्याकडे दोन महिने राहून आलों. दिवाणखान्यांत पाऊल टाकतांच दृष्टीस पडली ती भिंतीलगतची एक लांबरुंद कांचेची पेटी. तींत समुद्र होता. अलंकारानें बोलत नाहीं. लिटरामागें सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार मोजून घातलेलें पाणी, पंचवीस-सव्वीस अंशांवर राखलेली उष्णता, यंत्रानें उठविलेल्या लाटा, आणि वर निळा प्रकाश. मासे पांच-सहाच, बाकी सगळा थाट प्रवाळांचा. कोणी हातमोज्यासारखीं बोटें हालवीत आहे, कोणी उशीसारखें फुगून बसलें आहे, कोणाचे ओंठ तांबडे तर पोट हिरवें. आमच्या घरांतून प्रश्न आला, "अरे, याला म्हणतात तरी काय?" पुतण्या म्हणाला, "काकू, दुकानांत यांतल्या कांहींना मांसाचें पोवळेंच म्हणतात." त्यावर घरांत जी शांतता पसरली, तिचें वर्णन वाचकांनीं आपल्या अनुभवावरून करून घ्यावें. सूनबाई मात्र धोरणी. या पाहुण्यांचें खाद्य, म्हणजे गोठविलेली बारीक कोळंबी, तिनें गॅरेजमधील वेगळ्या लहान फ्रीजमध्यें ठेविली होती. स्वयंपाकघराशीं त्याचा संबंध नव्हता.

प्रथम या प्राण्याचें कुळशील सांगितलें पाहिजे. संस्कृतांत पोवळ्यास विद्रुम आणि प्रवाल असे दोन शब्द अमरकोशांत आहेत. विद्रुमांत द्रुम, म्हणजे वृक्ष, उघड दिसतो. आणि प्रवाल याचा दुसरा अर्थ कोंवळा पल्लव असा आहे. म्हणजे आमच्या पूर्वजांच्या डोळ्यांस ही वस्तु झाडासारखी दिसली. युरोपांतही पुष्कळ काळ तीच समजूत होती. पोवळ्याचें 'फूल' हें फूल नसून जिवंत प्राणी आहे, असें पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सांगितलें, तेव्हां विद्वानांनीं तें सहजासहजीं मानलें नाहीं. आज हें निर्विवाद आहे. प्रवाळ म्हणजे मुखाभोंवतीं शुंडांचें कडें असलेला एक मऊ प्राणी. तो आपल्याखालीं चुन्याचा सांगाडा रचतो. खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या मांसांत सूक्ष्म शैवल राहतें, तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि त्याचा मोठा वांटा यजमानास देतें. भाडेकरूनें घरमालकास पोसावें असा हा प्रकार आहे.

येथें एक खुलासा अवश्य आहे. मंगळासाठीं अंगठींत घालतात तें तांबडें पोवळें या मंडळींपैकीं नव्हे. तें बहुधा भूमध्य समुद्रांतलें. त्याच्या प्रत्येक मुखास आठ शुंडा असतात. पेटींतील या खडकाळ प्रवाळांत मात्र शुंडा व आंतील पडदे सहाच्या पटींत मांडलेले असतात. एक अष्टांग, दुसरें षडंग. नांव एक असलें म्हणून जाति एक असते असें नाहीं, हा धडा मीं पहिल्याच दिवशीं माझ्या नातीस मोठ्या थाटानें दिला. तोच धडा पुढें मला परत मिळावयाचा होता.

पेटीच्या मध्यभागीं, खडकाच्या उंच माथ्यावर, तळहाताएवढें एक प्रवाळ ठेविलें होतें. तांबडें, कडेस हिरवी झांक, नागमोडी वळणाचें, गुबगुबीत. पुतण्यानें तें महिनाभरापूर्वीं बरीच किंमत देऊन आणलें होतें. दुकानदारानें 'लोबो' म्हणून दिलें, म्हणजे लोबोफिलिया. नातीचें तें फार आवडतें. रोज शाळेंतून आल्यावर ती प्रथम त्यापुढें जाऊन उभी राही. परंतु त्याची प्रकृति ठीक नव्हती. एका कडेचें मांस फाटून आंतील पांढरा सांगाडा नखाएवढा उघडा पडला होता. पुतण्यास वाटलें, रोग आहे. औषधांत बुडवावें काय, याचा तो विचार करीत होता.

मला या विषयांतलें कांहींच कळत नव्हतें, आणि कळत नसतां बोलण्याची संवय मात्र शिक्षकाच्या धंद्यानें लाविलेली. कपाटांतून एक सचित्र पुस्तक काढून मीं दोन दिवस वाचलें आणि तिसऱ्या दिवशीं निकाल दिला : "मांस जाड आहे, मुखें एकाहून अधिक आहेत, मीं स्वतः तीन मोजलीं. तेव्हां दुकानदार म्हणतो तें बरोबर, हें लोबोफिलियाच. तें खडकावर राहणारेंच आहे, त्यास हलवूं नये." पुतण्यानें वडीलधाऱ्या माणसाचें ऐकलें. प्रवाळ आठवडाभर तेथेंच राहिलें, आणि आठवड्याच्या अखेरीस नखाएवढी जखम अंगठ्याएवढी झाली.

त्या संध्याकाळीं नात पेटीपुढें बसून राहिली, जेवावयास येईना. मीं जवळ जाऊन समजूत घालूं लागलों, तर तिनें विचारलें, "आजोबा, हें खालून कसें आहे?"

मीं म्हटलें, "खालून? खालून कोणी पाहिलें आहे, बाळ?"

"मग वरूनच कसें ठरवलं तुम्ही?"

या प्रश्नास उत्तर नव्हतें. पुतण्यानें वेळ न घालवितां हातमोजे घातले. असल्या प्रवाळास फुगलेल्या स्थितींत पाण्याबाहेर उचलूं नये. मांसांत भरलेल्या पाण्याच्या भारानें तें फाटतें. म्हणून त्यानें प्रथम हातानें हलकेच पाणी हालवून त्यास आंखडूं दिलें, मग मांसास स्पर्श न करतां खालच्या सांगाड्यास धरून पाण्यांतल्या पाण्यांतच तें तिरपें केलें. खालीं पाहतों तों काय, तळ सपाट नाहींच! भोंवऱ्यासारखा निमुळता होत गेलेला शंकु. कोठेंही खडकापासून तोडल्याची खूण नाहीं. हें प्रवाळ खडकावर कधीं वाढलेलेंच नव्हतें. तें समुद्रतळाच्या वाळूंत टोंक रुतवून मोकळें बसणारें, ट्रॅकिफिलिया. ज्यास आम्ही सन्मानानें उंच आसनावर बसविलें होतें, त्याचें मांस दिवसा फुगे आणि खालच्या खडकाच्या धारेवर घांसून घांसून फाटे. रोग नव्हता, जागा चुकली होती. आणि आठवडाभर ती चुकलेली ठेवण्याचें श्रेय माझें होतें.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. न्यायशास्त्रांत लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत, ते मीं कितीदां तरी फळ्यावर लिहिले असतील. गाईचें लक्षण 'शिंगें असणें' असें केल्यास तें म्हशीसही लागतें, ही अतिव्याप्ति. 'कपिलवर्ण' असें केल्यास पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ति. 'एक खूर असणें' असें केल्यास तें कोणत्याच गाईस लागत नाहीं, हा असंभव. मीं जें लक्षण केलें, 'जाड मांस व अनेक मुखें', तें लोबोफिलियास लागतें तसें ट्रॅकिफिलियासही लागतें. ढळढळीत अतिव्याप्ति! विद्यार्थ्यानें असें उत्तर लिहिलें असतें तर मीं त्याला शून्य दिलें असतें.

पुढील पंधरा दिवस आम्ही तिघांनीं, पुतण्या, नात आणि मी, या मांसल प्रवाळांच्या ओळखीच्या कसोट्या नीट लावून एका वहींत उतरल्या. ज्या वाचकांचीं मुलेंबाळें परदेशीं असा छंद करितात, त्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या येथें देतों.

पहिली गोष्ट, रंगावर जाऊं नये. एकाच जातींत तांबडें, हिरवें, करडें, पट्ट्यापट्ट्यांचें असे सर्व रंग सांपडतात, आणि निळ्या दिव्याखालीं तर कित्येक प्रवाळें अंगच्या प्रकाशानें चमकतात. साध्या पांढऱ्या प्रकाशांत पाहावें. रंग हें लक्षण नव्हे, उपाधि आहे.

दुसरी, सांगाडा आहे कीं नाहीं हें पाहावें. कुत्र्याच्या छत्रीसारखे दिसणारे, मऊ, चकतीसारखे प्राणी याच पेटींत असतात. त्यांच्या पोटांत चुन्याचें हाड मुळींच नसतें. ते प्रवाळांचे शेजारी होत; खडकाळ प्रवाळांच्या गणांत ते येत नाहींत.

तिसरी, मुखें मोजावीं. मुख एकच व अंग मोठें असेल तर तीन नांवें मनांत आणावीं. मांस पातळ, पाण्याच्या फुग्यासारखें पारदर्शक, आणि त्यांतून आंतील जाड पांढऱ्या पात्या स्पष्ट दिसत असतील तर तें सिनारिना. त्याच्या जातीच्या लॅटिन नांवांत अश्रूचा अर्थ आहे, आणि तें अन्वर्थक वाटतें. मांस जाड, सुरकुतलेलें, पुटकुळ्यांनीं भरलेलें, अंग थाळीएवढें पसरणारें आणि खालीं लांबट शंकु असेल तर तें अकँथोफिलिया. यास पुष्कळ वर्षें सिनारिनाच समजत असत. आणि बशीसारखें गोल, आटोपशीर, मध्यापासून कडेकडे किरणांप्रमाणें रेषा गेलेलें, तळ खडकास चिकटलेला असेल तर तें ऑस्ट्रेलियाचें होमोफिलिया.

चौथी, मुखें अनेक असतील तर मधल्या भिंती पाहाव्या. वाड्यांतील बिऱ्हाडें आणि चाळींतील खोल्या यांत जो फरक, तोच येथें. प्रत्येक मुखाचा, किंवा दोन-चार मुखांच्या कुटुंबाचा, खांब खालपर्यंत वेगळा असेल तर तें लोबोफिलियाचें एक रूप. भिंती एकमेकींस जुळलेल्या, नागमोडी, आणि भिंतीच्या माथ्यावर एक चर गेलेली असेल तर तें पूर्वीं सिम्फिलिया म्हणत तें. खोल्या लहान, सुमारें बोटाच्या पेराएवढ्या, आणि भिंतीस भिंत लागून असतील तर तें मायक्रोमुसा. खोल्या गोल, सुट्या, वरचें मांस चकतीसारखें पसरून सगळें एक दिसत असेल तर तें ब्लास्टोमुसा.

पांचवी कसोटी माझ्या नातीची : खालून पाहावें. शंकु कीं सपाट? तुटल्याची खूण आहे कीं नाहीं? ट्रॅकिफिलिया वरून पाहिल्यास पुष्कळदां आठाच्या आंकड्यासारखें कमरेंत आंखडलेलें दिसतें. त्याच्या पात्यांचे दांते बारीक असतात, म्हणून मांस त्या मानानें गुळगुळीत. लोबोफिलियाचे दांते मोठे व दणकट, म्हणून वरचें मांस खडबडीत दिसतें. मांस आंखडलेलें असतां हा फरक बोटानें नव्हे, डोळ्यांनींच कळतो.

हें सगळें नांवासाठीं नांव नव्हे. नांवावरून जागा ठरते, जागेवरून आयुष्य. वाळूंतलें वाळूंत बसवावें, खडकावरचें खडकावर. शेजारही पाहावा लागतो. हीं प्रवाळें दिसावयास मवाळ असलीं तरी रात्रीं निराळीं असतात. युफिलियाच्या लांब शुंडा प्रवाहाबरोबर लोंबत जाऊन शेजाऱ्यास डंख करितात. लोबोफिलियाचे आप्त तर पोटांतील तंतु बाहेर काढून लगतच्या प्रवाळास जागच्या जागीं पचवितात. दोहोंमध्यें वीतभर अंतर राखणें बरें. एकत्र कुटुंबांत नांदलेल्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको.

नांवांच्या बाबतींत आणखी एक मौज. चेहरेपट्टीवरून शास्त्रज्ञांनीं यांतील बहुतेक मंडळींस पुष्कळ वर्षें मुसिडी या एका कुळांत बसविलें होतें. पुढें सांगाड्याचे सूक्ष्म दांते आणि जनुकें तपासूं लागल्यावर दिसून आलें कीं, अटलांटिकांतील आणि आपल्याकडच्या समुद्रांतील मंडळी एका गोत्राची नाहींत. २००९ सालीं लोबोफिलिडी हें निराळें कुळ मानण्यांत आलें, आणि २०१२ सालीं मुसिडी हें नांव अटलांटिकपुरतें राहिलें. ट्रॅकिफिलिया तर तिसऱ्याच, मेरुलिनिडी कुळांत आहे. म्हणजे मीं जीं दोन प्रवाळें एक समजलों, तीं सगोत्रही नव्हतीं! २०१६ सालीं सिम्फिलियाचा समावेश लोबोफिलियांत झाला, आणि ऑस्ट्रेलियाचें स्कॉलिमिया म्हणून विकलें जाणारें प्रवाळ होमोफिलिया ठरलें. दुकानांत मात्र जुनींच नांवें चालतात. त्यांत दुकानदाराचा दोष मानूं नये. आपल्या गांवांतही रस्त्यांची नांवें बदललीं तरी लोक जुन्याच नांवानें पत्ता सांगतात.

आमच्या रोग्याचें पुढें काय झालें, हें विचारल्याशिवाय वाचक सोडणार नाहींत. पुतण्यानें त्यास खालीं वाळूंत, मंद प्रवाहांत व सौम्य प्रकाशांत बसविलें. रात्रीं दिवे मालवल्यावर त्याच्या मुखांभोंवतीं बारीक शुंडा बाहेर येत. तेव्हां नात चिमट्यानें कोळंबीचा तुकडा त्यांस देई, आणि मासे तो पळवूं नयेत म्हणून पाहरा करी. दहा-बारा दिवस कांहींच फरक दिसेना. मग उघड्या हाडाच्या कडेनें मांसाची एक पातळ झालर दिसूं लागली. आम्ही निघालों तेव्हां अर्धी जखम झांकली होती. गेल्या महिन्यांत छायाचित्र आलें आहे. पांढरी जागा आतां तिळाएवढी उरली असून तिच्यावर हिरवें शेवाळ धरलें आहे. ती बहुधा तशीच राहील. राहावी असेंच मला वाटतें.

हा छंद येथें करावा काय, असें कोणी विचारील म्हणून शेवटीं लिहितों. ऑस्ट्रेलियांत हीं प्रवाळें परवान्यानें, ठरलेल्या मर्यादेंत समुद्रांतून काढतात, आणि सर्व खडकाळ प्रवाळांचा देशोदेशींचा व्यापार १९७३ च्या वॉशिंग्टन कराराच्या नियमांखालीं चालतो. आपल्या देशांत २००१ सालीं सर्व खडकाळ प्रवाळांस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घेतलें, म्हणजे वाघास जें संरक्षण तेंच पोवळ्यास. आपल्या समुद्रांतून एक तुकडा उचलून आणणें हा गुन्हा आहे. परंतु पाहण्यास कोणाची बंदी नाहीं. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखालीं प्रवाळें आहेत, आणि तेथें १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस भर समुद्रांत आंग्रिया बँक नांवाचें प्रवाळांचें पठार आहे. पुढील वर्षीं नात इकडे येणार आहे. तिला मालवणास न्यावयाचें ठरविलें आहे. तेथें हात लावतां येणार नाहीं, म्हणून खालून पाहतांही येणार नाहीं. आणि म्हणून, तिनें विचारल्यास, मी नांवही सांगणार नाहीं. "पाहूं या," एवढेंच म्हणेन.